फौजदाराचा दाणा

"अकरा अंडी दिली हुतीस कुशे, अकरा! एकाचं बी पिल्लू न्हाय निघालं. हे बघ. वास घे. आगं, घे की!"

बनाबाईनं अंड्यांची पाटी कुशाबाईच्या नाकापुढं धरली. कुशाबाई दारात बसून भेंडीचं क्रेट विसळत होती. तिनं ओल्या हातानंच पाटी लांब ढकलली.

"मला कशाला वास देतीस? तुझी कोंबडीच धड बसली नसंल. उठून उठून गार केली आसत्याली अंडी."

"माझी कोंबडी? चोवीस दिस हलली न्हाय ती. वाळून पार खारीक झालीया."

"पाटीत नजरंसाठी खिळा ठिवला हुतास का?"

"ठिवला हुता."

"मिरची?"

"मिरची बी ठिवली, कोळसा बी ठिवला. आता काय अंड्यांचा सत्यनारायण घालू?" बनाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "खरं सांग कुशे. तुझ्या सुनंनं दुकानातली अंडी तर न्हाय मिसाळली?"

कुशाबाई क्रेट टाकून उठली. "जिभंला हाड हाय का तुझ्या? तीस वरसं ह्या वस्तीला अंडी देतीया मी. कवा दुकानातलं अंडं माझ्या सुनंच्या हातात बघितलंस?"

"न्हाय बघितलं. म्हून तर इचारती."

बनाबाईनं पाटी तिथंच उकिरड्यावर पालथी केली. दोन अंडी फुटली आणि वासानं गोठ्यातली गाय फुरफुरली. मग पदर खोचून ती उसाच्या बांधानं तरातरा निघून गेली. जाताजाता कालव्याच्या फाट्यावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही तिनं काहीतरी सांगितलं असणार, कारण त्या सगळ्याजणी एकदम मान वळवून इकडं बघायला लागल्या.

शेळगावच्या शिवारात, फाट्याच्या कडेला कुशाबाईची वस्ती. तीन एकर ऊस, अर्धा एकर भेंडी, दोन गाया आणि पंचवीस गावठी कोंबड्या. ऊस पोराचा, भेंडी सगळ्यांची, पण कोंबड्या एकट्या कुशाबाईच्या. बासष्टी उलटली तरी पहाटं खुराड्याची फळी तीच उघडायची. तिच्याकडची अंडी खायला नेण्यापेक्षा रवणीला जास्त जायची. रवणीची म्हणजे खुडूक, उबवायला आलेल्या कोंबडीखाली पिल्लं काढायला बसवायची. पार काटेवाडीपासून बायका यायच्या. या अंड्यांना पैसा घ्यायचा नाही ही कुशाबाईच्या सासूपासूनची रीत. पिल्लं निघाली, मोठी झाली, की त्यातली एक तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोवळी कोंबडी, आणून द्यायची. नाही निघाली तर काही द्यायचं नाही. पण नाही निघाली असं कधी व्हायचंच नाही. अकरातली नऊ ठरलेली, कधी दहा. "कुशाबाईचं अंडं म्हंजी पिल्लूच," असं बायका म्हणायच्या, आणि कुशाबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सुईण म्हणून जसं एखादीचं नाव असतं तसं हे नाव. कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं, आणि गेलं तर कुठं अर्ज करून परत मिळणारं नव्हतं.

आणि ते नाव उभं होतं फौजदाराच्या दोन पायांवर.

फौजदार हा तिचा कोंबडा. अंगानं काळा-तांबडा, मानंवर सोनेरी झालर, चालणं असं की पाठीमागं दोन शिपाई असावेत. कोंबड्यांत भांडण लागलं की मध्ये जाऊन उभा राहायचा, म्हणून हे नाव पडलं. पण त्याचा खरा गुण दाणा टाकल्यावर कळायचा. आपण आधी खायचा नाही. एक दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि "कुट्‌ कुट्‌ कुट्‌" करून कोंबड्यांना हाका मारायचा. त्या खायला लागल्या की हा मान वर करून पहाऱ्याला. सगळ्यांचं झालं की मागं उरलेलं खायचा. फाट्यावरच्या बायका म्हणायच्या, "असला गुण माणसाच्या नवऱ्यात आला आसता तर काय हवं हुतं!" कुशाबाई म्हणायची, "त्याला पंचवीस बायका बी हायत्या. ते पन घ्याल का?"

बनाबाई गेली त्या दिवशी कुशाबाईनं बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडं नीट बघितलं. तो शेवग्याखाली बसून होता. दिवस चांगला कासराभर वर आलेला, कोंबड्या उकिरड्यावर उकरत होत्या, आणि हा बसून. तिनं हुसकलं तेव्हा उठला, पण डावा पाय टेकवंना. तिनं धरून बघितला. पायाचा सांधा सुजलेला, हाताला गरम. तुरा फिका पडलेला. बसल्या जागी विष्ठा पडली होती ती चुन्यासारखी पांढरी.

लंगडा कोंबडा कोंबडीवर चढणार कसा? आणि चढला नाही तर अंड्यात जीव कुठला? कुशाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. अंडी दुकानातली नव्हती, पण बनाबाईच्या कोंबडीनंही ती गार केली नव्हती. म्हणजे आपण बोललो ते खोटं, एवढं तिला तिथंच कळलं. पण उसाच्या बांधानं जाऊन तसं बनाबाईला सांगायचं, हे तिच्याच्यानं झालं नाही.

तिनं हळद-तेल गरम करून पायाला लावलं. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. चार दिवस झाले, सूज तशीच.

पोरगा अजित भवानीनगरला कारखान्यात कामाला. आठवड्याच्या सुट्टीला तो दारात दात घासत उभा होता. कोंबड्याकडं बघून म्हणाला, "आये, आखाड चाललाय. ह्यो आसाबी मरायचा तसाबी मरायचा. वजन हाय तवर रस्सा तरी हुईल. कारखान्यातली पोरं कवापासनं गावठी कोंबडं मागत्यात."

"आवशीपातुर थांब," कुशाबाई म्हणाली.

"आवशीला काय हुनार हाय?"

"कायबी हुईना. तवर थांब म्हनलं ना."

आखाडाची अवस लागली की पुढं श्रावण. श्रावणात घरात कोंबडं कापायचं नाही, हे अजितच्या बापापासून चालत आलेलं. अवस निभावली तर फौजदाराला अख्खा महिना मिळणार होता. पण अवस अकरा दिवसांवर होती, आणि रोज सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा दोन पावलं कमी चालायचा.

गाईला भरवायला, म्हणजे गाभण करायला, गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या त्या दिवशी कुशाबाईनं गाईचं काम होईपर्यंत दम धरला. मग बांबूच्या डालग्याखालचा फौजदार काढून त्यांच्यापुढं धरला.

"बाई, ह्याचं जरा बघा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय दाबून बघितला, विष्ठा बघितली, पोटावरची पिसं फुंकून बघितलं. मग विचारलं, "खायला काय देता, मावशी?"

उत्तर सून प्रगतीनं दिलं. चैत्रापासून अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य चालू होतं, पोतं बारामतीच्या दुकानातनं अजितनं आणलेलं. प्रगतीनं बारामतीत चार-पाच बिल्डिंगीतल्या बायकांचा मोबाईलवर ग्रुप केला होता. खायची अंडी आठवड्याला दोनदा जायची. पोतं सुरू केल्यापासून अंडी वाढली, मोठी झाली. सगळं चांगलंच तर झालं होतं.

"कोंबड्यांसाठी बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते खाद्य अंडी देणाऱ्या कोंबडीचं. त्यात चुनखडी मुद्दाम जास्त घालतात, तिला रोज कवच करायला लागतं म्हणून. मावशी, हा कुठं अंडी घालतो? याच्या अंगात गेलेला चुना जाणार कुठं? मूत्रपिंडावर येतो, सांध्यात बसतो."

 कुशाबाईला एकदम आपलं पहिलं बाळंतपण आठवलं. आईनं डिंकाचे लाडू पाठवले होते. बाळंतिणीला खरं तर दिवसाला एक. पण धनी येता-जाता खायचे, "मला बी ताकद नको व्हय?" म्हणून. आठ दिवसांत माणसाचं तोंड असं आलं की ताकाबरोबर भाकरी गिळवंना. सासू म्हणाली होती, "बाळंतिनीचं खाल्लंस, आता बाळंत हो."

"अजून काही देता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय ओ," प्रगती म्हणाली.

"देती," कुशाबाई म्हणाली.

प्रगतीनं चमकून सासूकडं बघितलं.

"उन्हाळ्यात अंड्याची टरफलं पातळ पडाया लागली हुती. दोन अंडी तर नुसती कातडीची निघाली. म्हून मी पान्यात चुन्याची निवळी घालत हुते. रोज. सगळ्यांच्याच." तिनं कनवटीची तंबाखूची डबी नकळत चाचपली. "वाटलं, मानसाला चालतंय तर पाखराला चालंल."

"आत्या! मला सांगायचं की."

"तुझी अंडी घट झाली तवा तू कुटं इचारलंस, कशानं झाली म्हून?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण औषध लिहून देताना हसल्या नाहीत. पाणी भरपूर, हिरवं खाऊ घाला, चुना आणि पोतं आजपासून बंद. "बरा होईलच असं मी सांगत नाही. पण लवकर दाखवलात."

त्या गेल्यावर कुशाबाई खाद्याच्या पाटीपाशी जाऊन बसली. कोंबड्यांनी वरचं भरड खाऊन टाकलेलं, पाटीच्या तळाला नुसता पिठासारखा पांढरट भुगा उरला होता. तिनं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. चाळीस वर्षं तंबाखू मळलेल्या बाईला चुनखडीची चव सांगावी लागत नाही. मका, पेंड, सगळं चांगलंचुंगलं आधी कोंबड्यांच्या पोटात जात होतं. चुनखडी जड, ती तळाला बसत होती. आणि तळातलं खायचं कुणी? ज्यानं सगळ्यांना आधी वाढलं त्यानं.

"चांगुलपनाचा भुगा खाल्लास रं बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणीबिणी काही आलं नाही. तिनं पाटी उचलून उकिरड्यावर झटकली आणि पुढचं डोकं चालवायला लागली.

पहिल्यांदा तिनं सोपी युक्ती काढली. कोंबड्यांना त्यांचं पोतं, फौजदाराला त्याची बाजरी-मका. एक डबा शेवग्याच्या फांदीला असा टांगला की उंच मानेच्या कोंबड्याची चोच पोचावी आणि बुटक्या कोंबड्यांची पोचू नये. फौजदारानं लंगडत येऊन डब्यात मान घातली.  तर ह्या पठ्ठ्यानं एक मक्याचा दाणा उचलला, खाली टाकला आणि, "कुट्‌ कुट्‌ कुट्‌!" पंचवीसच्या पंचवीस पळत आल्या. हा वरनं दाणा पाडतोय आणि त्या खाली मटकावतायत.

प्रगती हसून हसून ओट्यावर बसली. "आत्या, ह्याला वाढपी म्हणून लग्नात पाठवा."

मग त्याला डालग्याखाली कोंडून खायला दिलं. ते तर त्याहून वंगाळ. डालग्याच्या फटीतनं तो हाका मारी, बाहेर कोंबड्या गोळा होत, आणि तो फटीतनं दाणे बाहेर ढकली. दाण्याला स्वतः चोच म्हणून लावली नाही. दोन दिवस गेले. अवशीला सहा दिवस राहिले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कुशाबाई जुन्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. ही भिंत तेवढी मातीची राहिलेली, बाकी घर सिमेंटचं. तिनं बोटावरचा उरलेला चुना सवयीनं भिंतीला पुसला. पुसता पुसता हात थांबला. हीच भिंत सासू दर दिवाळीला चुन्यानं सारवून घ्यायची, आणि शिमग्यापर्यंत खालचा हातभर चुना गायब. कोंबड्या टोचून खायच्या. सासू खराटा घेऊन धावायची. किती वर्षं आपण ते बघितलं! कोंबड्याच टोचायच्या, त्याही अंड्यावरच्या. तलंगा नाही, खुडूक नाही. आणि कोंबडा? कोंबड्याला भिंत टोचताना तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

घरं सिमेंटची झाली, भिंतींना रंग आला, आणि कोंबड्यांचं हे खाणं गेलं. म्हणून तर टरफलं पातळ पडली. पण जिला पाहिजे तिनं जाऊन घ्यायचं, ही ती रीत होती. आपण ते सगळ्यांच्या पाण्यात कालवून ठेवलं.

ती उठली ती प्रगतीला हाक मारतच. "अंड्याची टरफलं फेकू नगं आजपासनं! आन अजितला म्हनावं, येताना नदीवरनं शिपल्या आन पिशवीभर."

संध्याकाळपर्यंत उलटी मांडणी झाली. खाणं सगळ्यांना एकच: भरडलेला मका, बाजरी, थोडी शेंगदाण्याची पेंड, वरून चिरलेला लसूणघास. चुनखडी त्यात औषधालाही नाही. ती वेगळी, दोन करवंट्यांत, जुन्या भिंतीच्या बुडाला. एकीत भाजून चुरलेली टरफलं, दुसरीत कुटलेल्या शिंपल्या. आता फौजदारानं कितीही हाका मारून वाढावं. वाढणाराला आणि जेवणाराला चालेल तेच ताटात होतं.

दुसऱ्या दिवशी एक तांबडी कोंबडी अंडं घालायच्या आधी करवंटीपाशी गेली, चार-पाच तुकडे टोचले आणि निघून आली. मग दुसरी गेली. फौजदारानं करवंटीपाशी जाऊन एकदा वाकडी मान करून बघितलं, आणि पाठ फिरवली.

"बघ," कुशाबाई प्रगतीला म्हणाली, "त्याला बी कळतंय. कळत नव्हतं ते आपल्याला."

"अंडी कमी होतील पण, आत्या. ग्रुपवरच्या बायका..."

"त्यास्नी सांग, कोंबड्या बी सुट्टी घेत्यात."

अंडी कमी झालीच. प्रगतीचं तोंड चार दिवस फुगलेलं होतं. पण तिनं उरलेलं अर्धं पोतं न बोलता नुसत्या लेअर कोंबड्या पाळणाऱ्याला देऊन टाकलं, हेही खरं.

अवस आली. अजित सुरी घेऊन नाही, पण खोबरं-मसाला घेऊन आला, म्हणजे तेच. कुशाबाईनं डालगं उचललं आणि फौजदाराला अंगणात सोडलं. तो उभा राहिला. पाय टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग लंगडतच अंगण ओलांडून उकिरड्यावर चढला, मान ताणली आणि आरवला. पहिल्यासारखा नाही, घसा बसलेल्या माणसानं हाळी द्यावी तसा.

अजितनं आईकडं बघितलं.

"जा," ती म्हणाली, "बॉयलर कोंबडी आन जा. आन कारखान्यातल्या पोरांना सांग, फौजदार ड्यूटीवर हाय."

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात फौजदार पुन्हा कोंबड्यांमागं धावायला लागला. धावायला म्हणजे, तीन पावलं धावायचा आणि चौथ्याला कलायचा. कुशाबाईनं आणखी दहा दिवस जाऊ दिले, अंडी निवडली आणि आपल्याच एका खुडूक कोंबडीखाली अकरा बसवली. पाटीत खिळा, मिरची, कोळसा. कुणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी मात्र ती उसाच्या बांधानं बनाबाईच्या दारात गेली. बनाबाई घेवडा निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"बने, चल माझ्यासंगट."

"का? आनि कुजकी अंडी हायती का?"

"आसली तर तुझ्याच हातानं टाक. चल."

अंधाऱ्या खोलीत कुशाबाईनं कोंबडीला अलगद बाजूला केलं. प्रगतीनं मोबाईलची बॅटरी लावली. पहिलं अंडं उजेडावर धरलं, निवळ पाणी. दुसरंही तसंच. बनाबाईनं तोंडाला पदर लावला. त्यामागं ती हसत होती की काय ते दिसत नव्हतं. तिसरं अंडं धरलं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा उजळल्या, मधोमध एक काळा ठिपका. ठिपका हलला.

अकरातली सहा भरली. पाच निवळ.

"सहाच?" बनाबाई म्हणाली. "पयलं नऊ भरायची तुझी."

"सहाच. लंगड्याची हायती." कुशाबाईनं सहा अंडी कोंबडीखाली सरकवली. मग पाटीकडंच बघत म्हणाली, "बने, तुझ्या कोंबडीनं काय गार केली नव्हती अंडी. कोंबडा माझा आजारी हुता, आन आजारी मीच पाडला हुता. पान्यात चुना घालून. तवा तुझ्यावर ढकाललं म्यां."

बनाबाईनं पदर खाली घेतला.  कोंबडी फुगून पुन्हा बसली होती.

"फाट्यावर मी बायकांना सांगितलं, तुझी सून दुकानातली अंडी देती म्हून," ती म्हणाली.

"ठावं हाय. सहा हप्तं कुनी रवणीची अंडी न्यायला आलं न्हाय."

"मंग आता काय करू? परत जाऊन सांगू व्हय, की मी खोटं बोलले?"

"व्हय. मी सांगितलं की न्हाय तुला?"

बनाबाई हसली. "वंगाळच हायस तू. आन ह्यातली पिल्लं?"

"निघाली तर तीन तुझी."

"तलंग मागायची न्हाईस ना?"

"मागनार. एक. रीत ती रीत."

"म्हंजी तीन देऊन एक परत घेनार!" बनाबाई बांधाला लागेपर्यंत हेच बडबडत गेली. फाट्यापाशी पोचल्यावर मात्र ती थांबली आणि धुणाऱ्या बायकांजवळ कडेला टेकली. काय सांगितलं ते इकडं ऐकू आलं नाही. बायकांनी माना वळवून बघितलं, एवढं दिसलं.

कुशाबाईला ते बघत बसायला सवड नव्हती. करवंटीतल्या शिंपल्या संपल्या होत्या. तिनं जुन्या भिंतीच्या सावलीत पोतं अंथरलं, पाटा घेतला, वरवंटा घेतला आणि शिंपल्या कुटायला बसली. पलीकडं फौजदारानं दाणा उचलून टाकला, "कुट्‌ कुट्‌ कुट्‌" केलं, आणि कोंबड्या जेवायला आल्या.